आयर्लंडमधल्या एका टाउनलँडचा इतिहास कसा शोधायचा

आयर्लंडच्या ग्रामीण भागात टाउनलँड हा जमिनीचा सगळ्यात लहान अधिकृत तुकडा. त्यात गाव असेलच असे नाही, बहुतेक ठिकाणी नसतेच. चार-सहा विखुरलेली शेतघरे, एखादा ओढा, थोडी दलदल, कुठे तरी एक जुना मातीचा गोल कोट आणि या सगळ्याभोवती ठरलेली हद्द, एवढाच पसारा. संपूर्ण बेटावर असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत. सरासरी आकार सव्वातीनशे एकरांच्या आसपास. पण एका एकराहून लहान टाउनलँडही आहेत आणि सात हजार एकरांहून मोठेही. यांतली पुष्कळ नावे मध्ययुगापासून चालत आलेली आहेत आणि खेडोपाडी पत्त्यात ती आजही लिहिली जातात.

एवढ्याशा जागेचा इतिहास घराघरापर्यंत लिहिता येतो, मात्र कामाचा क्रम नीट हवा. बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची चार माणसे सापडतात, 'ओ' आणि 'मॅक' हे उपसर्ग कधी लागतात, कधी गळतात, आणि माणसे तर सतत जागा बदलत असतात. जमीन जागेवरून हलत नाही. म्हणून आधी हद्द पक्की करावी, मग शेते, मग घरे आणि सगळ्यात शेवटी माणसे.

उदाहरणासाठी रॉसकॉमन काउंटीतला बॅलीकिलक्लाइन घेऊ. क्षेत्र सुमारे ६०० एकर, सिव्हिल पॅरिश (सरकारी नोंदींतला टाउनलँडच्या वरचा विभाग) किलग्लास, बॅरनी (त्याच्याही वरचा विभाग) बॅलिंटॉबर नॉर्थ. ही जमीन ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची होती आणि शेजारच्या स्ट्रोक्सटाउनच्या मेहन घराण्याकडे भाडेपट्ट्याने होती. पट्टा १८३४ मध्ये संपला आणि सरकारी खाते थेट खंड मागू लागले. कुळांनी तो द्यायचे नाकारले आणि हा संप बटाट्यावरच्या रोगाने १८४५ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळापर्यंत चालला. शेवटी १८४७-४८ मध्ये साडेतीनशेहून अधिक माणसांना जागेवरून काढून लिव्हरपूलमार्गे न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. प्रत्येक टाउनलँडच्या वाट्याला असा प्रसंग आलेला नसतो, पण शोधाची पद्धत सगळीकडे तीच.

हद्द पक्की करणे

पहिला अर्धा दिवस फक्त पत्त्याच्या उतरंडीसाठी ठेवा. टाउनलँड, त्यावर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, मग काउंटी. याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात: डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजन (मतदानाचा विभाग), पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग) आणि कॅथलिक पॅरिश (चर्चचा विभाग). १९०१ आणि १९११ ची जनगणना इलेक्टोरल डिव्हिजनप्रमाणे लावलेली आहे. जन्म-मृत्यूची नोंदणी पुअर लॉ युनियनच्या हद्दी धरून चालली. बाप्तिस्म्याची नोंद कॅथलिक पॅरिशच्या वहीत असते, आणि ही पॅरिश सिव्हिल पॅरिशशी जुळत नाही, पुष्कळदा नावही वेगळे असते. हे सातही रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'किलग्लास' नावाची सिव्हिल पॅरिश स्लायगोत आहे आणि लाँगफर्डमध्येही. काउंटी न पाहता नोंद उतरवली तर महिनाभराचे काम वाया जाते.

यासाठी दोन साधने पुरेशी आहेत. 'लोगॅनम' या सरकारी स्थलनाम संकेतस्थळावर नावाचे आयरिश रूप, जुनी लिखित रूपे आणि ती कोणत्या कागदात आली ते मिळते. '१८५१ ची टाउनलँडांची वर्णानुक्रम सूची' क्षेत्रफळ आणि उतरंड देते. नावाचा अर्थ मात्र स्वतः लावू नका. 'किल' हा तुकडा चर्चसाठीच्या शब्दापासून आलेला असू शकतो, तसाच रानासाठीच्या शब्दापासूनही. जुनी रूपे न पाहता अर्थ लावला की नसलेले चर्च शोधत शेतभर हिंडण्याची वेळ येते.

नकाशा हाच पाया

आयर्लंडचे सहा-इंची सर्वेक्षण थॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखाली १८२४ मध्ये सुरू झाले. एका मैलाला सहा इंच, म्हणजे १:१०,५६० हे प्रमाण. पूर्ण देश या प्रमाणात मोजला गेला आणि १८४६ पर्यंत सगळ्या काउंट्यांचे नकाशे छापून झाले. भारताशी याचा एक खरा धागा आहे: जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये हे काम पाहायला आयर्लंडला गेले आणि कोल्बींच्या मोजणीच्या दांड्यांची पद्धत त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात आणली. लोखंड आणि पितळ जोडून केलेल्या या दांड्यांवरच्या खुणांमधले अंतर उष्णतेने बदलत नसे.

तुमच्या टाउनलँडचे दोन नकाशे शेजारी ठेवा: पहिली सहा-इंची आवृत्ती आणि शतकाच्या अखेरीस निघालेली पंचवीस-इंची आवृत्ती, म्हणजे १:२,५००. दोन्ही 'टाल्टे एरन' या सरकारी नकाशा आणि जमीन नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पहिला नकाशा दुष्काळाच्या आधीचा, दुसरा नंतरचा. यांतला फरक हाच निम्मा इतिहास.

काम असे करा. पंचवीस-इंची नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि हद्द लाल रेघेने गिरवा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पहिल्या आवृत्तीतली घरे काळ्या ठिपक्यांनी उतरवा. जिथे काळा ठिपका आहे पण खाली घर नाही, तिथे गोल करा. आठ-दहा घरांचा घोळका एका जागी असेल आणि भोवती रस्ता नसेल, तर ती बहुधा क्लॅखन, म्हणजे नात्यातल्या कुटुंबांची दाटीची वस्ती. अशा वस्त्यांत जमीन रंडेल पद्धतीने कसली जाई: चांगली आणि हलकी जमीन पट्ट्यापट्ट्यांत वाटलेली, कुरण सामाईक. पुढच्या नकाशात तिथेच सरळ रेषेतल्या लांब पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एक घर दिसले, तर जमीनदाराने किंवा सरकारी मंडळाने जमिनीची नव्याने आखणी केली असे समजा. कच्च्या रस्त्याचा शेवट डोंगरावर अचानक झाला तर तो दुष्काळी कामाचा असू शकतो, पण पीट (दलदलीतली जळणाची माती) काढायला जाणारी वाटही तशीच संपते. कागदी पुरावा मिळेपर्यंत दुष्काळाचे नाव त्याला देऊ नका.

नकाशावरच्या रेषांइतकेच महत्त्व त्यावरच्या शब्दांना आहे. चुन्याची भट्टी, पवित्र विहीर, 'फोर्ट' असा शिक्का असलेले वर्तुळ, शाळा, पोलीस चौकी, प्रत्येक शब्द वेगळ्या यादीत घ्या. सर्वेक्षकांच्या नाव-वह्यांत प्रत्येक टाउनलँडची जुनी रूपे आणि दोन ओळींचे वर्णन मिळते. सर्वेक्षणासाठी स्थलनामे तपासणारे जॉन ओडोनोव्हन यांनी रॉसकॉमनचे काम १८३७ मध्ये केले आणि त्या काळातली त्यांची पत्रे आजही वाचता येतात.

ग्रिफिथचे मूल्यांकन: मधला खांब

१८४७ ते १८६४ या काळात काउंटी-काउंटीने छापले गेलेले ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे कर बसवण्यासाठी रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली केलेली जमीन-घरांची यादी, हा सगळ्या शोधाचा मधला खांब आहे. इथून पुढे जाता येते आणि मागेही. यात कसणाऱ्याचे नाव, त्याला जमीन देणाऱ्याचे नाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्र आणि वार्षिक मूल्य असे रकाने आहेत.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत असते. मराठी वाचकाला हे सोपे जावे: चार रूड म्हणजे एक एकर, म्हणजे एक रूड दहा गुंठ्यांचा, आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. '१२ ३ २०' असे लिहिले असेल तर ते १२ एकर ३५ गुंठे.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना पहिला, नकाशा-क्रमांकाचा. त्यात अंक म्हणजे जमिनीचा गट. अंकामागचे मोठे अक्षर म्हणजे एकाच खातेदाराचा वेगळ्या जागी असलेला तुकडा. लहान अक्षर म्हणजे त्या गटातले घर. एकाच अंकाखाली अनेक नावे आणि सामाईक क्षेत्र असेल तर ती रंडेलची खूण. नावापुढे कंसात आलेला शब्द, बापाचे नाव असो की केसांचा रंग, एकाच नावाच्या दोघांना वेगळे ओळखण्यासाठी आहे, तो कधीही गाळू नका.

इथे चुका ठरलेल्या असतात. जमीन देणारा म्हणजे मालक असे धरले जाते, पण तो पुष्कळदा मधला पट्टेदार असतो. त्या रकान्यात 'इन फी' असेल तरच कसणारा स्वतः मालक. वार्षिक मूल्य म्हणजे खंड असेही समजले जाते. ते कर बसवण्यासाठी काढलेले मूल्य आहे, प्रत्यक्ष खंड त्याहून जास्तही असे. तिसरी चूक सगळ्यात फसवी. इंटरनेटवर मूल्यांकनासोबत दिसणारा नकाशा पुष्कळदा नंतर दुरुस्त झालेला असतो, त्यामुळे छापील यादीतला गट क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक जुळत नाहीत. अशा वेळी क्रमांकावर न जाता क्षेत्रफळ आणि शेजारचे गट यांवरून जागा ठरवा.

बॅलीकिलक्लाइनसाठी हा खांब दुष्काळानंतरचा आहे. तोवर जुनी कुळे समुद्रापार गेलेली होती. फक्त हीच यादी हाती धरली तर तिथे कधी सुमारे पाचशे माणसे राहत होती याचा पत्ताही लागत नाही.

तिथून पुढे

मूल्यांकन छापल्यावर कचेरीत त्याच्या हस्तलिखित वह्या ठेवल्या गेल्या आणि जमिनीचा ताबा बदलला की जुने नाव खोडून नवे लिहिले गेले. यांना 'रद्द केलेल्या वह्या' म्हणतात, आणि आपल्याकडचे फेरफार रजिस्टर पाहिलेल्याला त्या लगेच कळतील. दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगांच्या शाईत असतात आणि शेजारी वर्ष लिहिलेले असते. रंग महत्त्वाचा, म्हणून काळी-पांढरी प्रत घेऊ नका. नाव बदलल्याचे वर्ष म्हणजे मृत्यूचे वर्ष नव्हे. दुरुस्ती दोन-चार वर्षे उशिरा व्हायची, आणि विधवेचे नाव लागले असेल तर मृत्यूचा शोध त्याआधीच्या पाच वर्षांत घ्या. 'एल.ए.पी.' असा शिक्का दिसला तर जमीन कायद्याखाली कुळाने ती विकत घेतली, हे बहुधा १९०३ च्या विंडम कायद्यानंतरचे. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या अशाच वह्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. बाकीच्यांसाठी डब्लिनमध्ये टाल्टे एरनकडे जावे लागते.

मग जनगणना. १९०१ ची ३१ मार्चला झाली, १९११ ची २ एप्रिलला, दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. कुटुंबाचा अर्ज सगळे पाहतात आणि तिथेच थांबतात. त्याच्यासोबतचा बी-१ अर्ज उघडा: भिंत दगडाची की मातीची, छप्पर स्लेटचे की गवताचे, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती आणि घर कोणाच्या खात्यातल्या जमिनीवर आहे. बी-२ मध्ये गोठे, तबेले, डुकरांची खुराडी आणि कोंबड्यांची घरे मोजलेली असतात. या दोन कागदांवरून टाउनलँडमधल्या प्रत्येक घराची ऐपत ठरवता येते. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती जन्मली आणि किती हयात आहेत हे विचारले गेले. जन्मलेल्या आणि हयात या दोन आकड्यांमधला फरक घरोघर मांडा. त्या काळाबद्दल याहून स्पष्ट बोलणारा आकडा दुसरा नाही.

वयावर विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५४ वर्षांचा माणूस १९११ मध्ये ७० वर्षांचा झालेला दिसेल. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती आणि नागरी जन्मनोंदणी १८६४ च्या आधी नव्हतीच. अनेकांना आपले नेमके वय ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे.

तिथून मागे

मागे जाताना रस्ता अरुंद होतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे मूळ अर्ज त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे अर्ज मात्र आगीत गेले नाहीत, ते सरकारी आदेशानेच नष्ट झाले होते. तरी एक गोष्ट वाचली आहे आणि ती फार मोलाची आहे: १८५१ च्या छापील अहवालात प्रत्येक टाउनलँडची १८४१ आणि १८५१ ची लोकसंख्या आणि घरांची संख्या शेजारी-शेजारी दिली आहे. हे आकडे आधी उतरवून घ्या. आपल्याच नव्हे, हद्दीला लागलेल्या सगळ्या टाउनलँडचेही. शेजारी वीस टक्के घट आणि तुमच्याकडे ऐंशी, असे दिसले तर कारण फक्त बटाट्यावरचा रोग नव्हे. तिथे कुळे काढली गेली का, हे जमीनदाराच्या कागदांत शोधा.

१८२३ ते १८३७ च्या टाइद वह्या प्रोटेस्टंट चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या आहेत. त्यांत फक्त जमीन असलेल्यांची नावे येतात. एकरही पुष्कळदा आयरिश एकर असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या एकराच्या १.६२ पट. टाइदमध्ये ३७० आणि ग्रिफिथमध्ये ६०० दिसले तर टाउनलँड वाढला नाही, माप बदलले. उत्तरेत काही ठिकाणी तिसरेच, कनिंगहॅम माप चालायचे.

त्याच्या मागे १७०८ पासूनच्या दस्तऐवजांचे नोंदणी कार्यालय आहे, ज्यात जागेच्या नावाने सूची लावलेली आहे. सतराव्या शतकासाठी विल्यम पेटींचे १६५६-५८ चे डाउन सर्वेक्षण ट्रिनिटी कॉलेजच्या संकेतस्थळावर दिसते, पण रॉसकॉमन आणि गॉलवेसाठी त्यात पॅरिशचे नकाशे शोधत बसू नका. तिथे आधीचे स्ट्रॅफर्ड सर्वेक्षण वापरले गेले होते. त्याऐवजी 'सर्वेक्षण आणि वाटप वह्या' पाहा. १६४१ मध्ये जमीन कोणाची होती आणि जप्तीनंतर कोणाला मिळाली, हे त्या सांगतात.

जे यादीत नाहीत

इथपर्यंतचे बहुतेक कागद खातेदारांचे आहेत. शेतमजूर, पाव एकर बटाट्याच्या बदल्यात राबणारा कॉटियर, विधवा, पोटभाडेकरू, हे टाइदमध्ये क्वचित येतात आणि ग्रिफिथमध्ये आले तर एका लहान अक्षराएवढे. टाउनलँडचा इतिहास लिहिताना या माणसांसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, कारण दुष्काळाआधी बहुसंख्य तीच होती. ती सापडतात बाप्तिस्म्याच्या वहीत, जिथे राष्ट्रीय ग्रंथालयाने सुमारे १८८० पर्यंतच्या पानांची छायाचित्रे मोफत ठेवली आहेत. नावे लॅटिन रूपात असतील, पण टाउनलँड बहुधा लिहिलेला असतो. बॅलीकिलक्लाइनमध्ये ती सापडतात सरकारी खात्याच्या पत्रव्यवहारात आणि स्थलांतराच्या याद्यांत, ज्यांत कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव आणि वय आहे. खाजगी जमीनदाराच्या टाउनलँडसाठी इस्टेटीचे कागद शोधा. कॉनॉट आणि मन्स्टरमधल्या घराण्यांची सूची गॉलवे विद्यापीठाने केली आहे.

लोकस्मृतीसाठी १९३७-३९ चा शाळांचा संग्रह पाहा. सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वह्या भरल्या, आणि त्या 'दूखस' या संकेतस्थळावर आहेत. शोध टाउनलँडच्या नावाने नव्हे, आसपासच्या तीन-चार शाळांच्या नावाने घ्या. शेतांची नावे, औषधी विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, बंद पडलेले धंदे यांत मिळतात. तारखा मात्र कागदाशी ताडल्याशिवाय घेऊ नका.

प्रत्यक्ष जागेवर

जायचे ते जानेवारी ते मार्चमध्ये. नेच्याचे रान झोपलेले असते, गवत खुरटे असते आणि तिरप्या उन्हात जमिनीतले उंचवटे उठून दिसतात. आयर्लंडमध्ये खाजगी शेतात फिरण्याचा हक्क कोणालाही नाही. आधी शेतकऱ्याकडे जाऊन विचारा, छापलेला नकाशा दाखवा आणि त्याच्या शेतांची नावे लिहून घ्या. ती कुठल्याही नकाशावर नसतात. कोकरे जन्मण्याच्या दिवसांत कुत्रा नेऊ नका, फाटक जसे मिळाले तसेच ठेवा.

सोबत ३० मीटरची टेप, होकायंत्र, छायाचित्रात ठेवायला खुणांची काठी आणि आयरिश ग्रिडमध्ये जागा सांगणारे मोबाइल अॅप. समांतर लांब वरंबे दिसले तर ते बटाट्याचे वाफे. रुंदी तीन-चार ठिकाणी मोजा आणि डोंगरावर ते किती उंचीपर्यंत जातात ते नोंदवा. ती वरची रेघ म्हणजे लोकसंख्या सर्वाधिक असतानाची शेतीची सीमा. मेयोमधल्या अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर ऐंशीच्या वर घरांचे अवशेष रांगेत उभे आहेत आणि भोवती असेच वरंबे आहेत. नजर तयार करायला ती जागा आधी पाहावी.

गोल मातीचा बांध, आतला व्यास वीस ते चाळीस मीटर, तर तो बहुधा रिंगफोर्ट, इ.स. ५०० ते १००० मधले शेतघर. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, पाण्याजवळचा, जळक्या दगडांचा ढीग असेल तर तो कांस्ययुगातला असू शकतो. राष्ट्रीय स्मारक विभागाच्या नकाशावर प्रत्येक नोंदलेल्या स्थळाला क्रमांक आहे: काउंटीची दोन अक्षरे, सहा-इंची पानाचा क्रमांक, मग स्थळाचा क्रमांक. पहिल्या नकाशावर फोर्ट आहे आणि आज जमीन सपाट आहे, अशा वेळी भूगर्भ विभागाचे लायडार चित्र (विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार) उघडा. नांगरलेल्या कोटाचे वर्तुळ त्यात अनेकदा दिसते. नोंद नसलेले स्थळ सापडले तर विभागाला जागा आणि छायाचित्रासह कळवा.

खणायचे नाही. परवान्याशिवाय पुराणवस्तू शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर वापरणे हा गुन्हा आहे, आणि वर पडलेली वस्तू सापडली तरी ती राष्ट्रीय संग्रहालयाला ताबडतोब कळवावी लागते. बॅलीकिलक्लाइनमध्येही उत्खनन झाले, पण ते चार्ल्स ओर्सर यांच्या पुरातत्त्व पथकाने केलेले.

एका जागी विशेष जपून वागा. लहान, खडबडीत, बिननावाचे दगड रोवलेला कोपरा म्हणजे किलीन असू शकतो. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नाकारली जाई, त्यांना इथे पुरले जाई. ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती, म्हणजे त्यांची भावंडे कदाचित शेजारच्या घरात असतील. दगडांवर पाय देऊ नका, आणि नेमकी जागा छापण्याआधी घरच्यांना विचारा.

मांडणी

शेवटी एक तक्ता करा. आडव्या ओळीत गट क्रमांक, उभ्या रकान्यांत टाइदचे वर्ष, ग्रिफिथ, रद्द वह्यांतली प्रत्येक दुरुस्ती, १९०१, १९११. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजाने आडनाव भरू नका. प्रत्येक नोंदीपुढे वहीचे नाव, पान आणि छायाचित्राचा दुवा लिहा. १९११ नंतरच्या हयात कुटुंबांबद्दल लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या, विशेषतः जमिनीचे वाद आणि यादवी युद्धातल्या बाजू यांबद्दल. पूर्ण झालेल्या कामाची एक छापील प्रत काउंटी ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात द्या, एक जवळच्या शाळेत, आणि ज्यांनी शेतात पाऊल ठेवू दिले त्या प्रत्येक घरी एक.